बाळ-बाळंतिणीला भेटायला जाताना काय न्यावं? एक बाळ बारा दिवसांचं, दुसरं अजून एनआयसीयूत

पाऊलवाट

पुढच्या आठवड्यात दोन घरी भेटायला जायचंय. पहिल्या घरचं बाळ बारा दिवसांचं आहे. सिझेरियन झालंय आणि थोरली मुलगी चार वर्षांची आहे. दुसऱ्या घरचं बाळ ३१व्या आठवड्यात जन्मलं, ते अजून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. आईला घरी सोडलंय, ती रोज हॉस्पिटलला जाऊन-येऊन करते.

कपडे आणि खेळणी दोन्हीकडे भरपूर येणार हे उघड आहे. मला वापरात येईल असं काहीतरी न्यायचंय. शिजवलेलं जेवण नेलं तर किती आणि कसलं? कपडे न्यायचेच झाले तर माप कुठलं धरायचं? आईसाठी काही नेलेलं चालतं का, की ते फार खाजगी वाटेल? आणि जे बाळ अजून घरीच आलेलं नाही त्याच्यासाठी आत्ता काही न्यावं की थांबावं? काय नेऊ नये हेही कारणासकट सांगा.

---

उंबरठा

वस्तू हातात घेतलीत की आधी एवढंच बघा: ही घरात गेल्यावर बाळाच्या आईवडिलांकडून किती मिनिटांचं काम मागेल?

हे महत्त्वाचं का, तर बारा दिवसांचं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. एकदा पाजायला घेतल्यापासून पुन्हा पाजायला घेईपर्यंत दोन ते तीन तास. त्यातला अर्धा-पाऊण तास पाजण्यात जातो, मग ढेकर, डायपर, झोपवणं. शिल्लक राहतो तो जेमतेम तास-सव्वा तास, आणि आईवडिलांची आंघोळ, जेवण, झोप सगळं त्यातच. जोडायला पाना लागणारी वस्तू, वेगळे सेल आणावे लागणारं खेळणं, फुलदाणी शोधायला लावणारा मोठा गुच्छ, यातलं प्रत्येक या तासातलं काहीतरी घेऊन जातं. तेव्हा विजेवरची वस्तू असेल तर चार्ज करून, सेल घालून, एकदा चालवून बघून न्या. कपड्यांचे टॅग कापा. खोका, थर्माकोल, चकचकीत कागद परत जाताना स्वतःबरोबर न्या.

सिझेरियनच्या आईला साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. वाकणं, उशाकडे वळून वस्तू घेणं सुरुवातीला दुखतं. म्हणून तिच्यासाठी सगळ्यात कामाची भेट म्हणजे हाताशी ठेवायची एक टोपली. कडा आठ-दहा इंचांपेक्षा उंच नको, नाहीतर तळाशी हात पोचत नाही. त्यात हे घाला: स्ट्रॉची एक लिटरची बाटली (बाळ कुशीत असताना मान न वळवता आणि एका हाताने पाणी पिता आलं पाहिजे, फिरकीचं झाकण उपयोगाचं नाही), तीन मीटरची चार्जिंग वायर, मंद पिवळसर किंवा लाल उजेडाचा स्पर्शाने लागणारा दिवा, मऊ सुती रुमाल सहा, बिनवासाची हाताची क्रीम, ओठांना लावायचं मलम. पांढरा किंवा निळसर उजेड नको. रात्री दोनला पाजताना खोली उजळली की बाळ आणि आई दोघांचीही झोप उडते.

खाजगी वस्तूंबद्दल: बहीण, जिवलग मैत्रीण, जाऊ असेल तर जरूर न्या, कारण त्या आणायला सांगायचा संकोच तिलाच जास्त असतो. रक्तस्राव सिझेरियननंतरही होतो आणि चार ते सहा आठवडे चालू शकतो. पुष्कळांना वाटतं की तो फक्त नैसर्गिक प्रसूतीत होतो, म्हणून या आईसाठी मोठे पॅड कुणी नेतच नाही. सोबत उंच कमरेच्या मऊ सुती निकर, नेहमीच्या मापापेक्षा दोन मापं मोठ्या. नेहमीच्या निकरचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर बसतं. धुता येणारे सुती ब्रेस्ट पॅड आठ-दहा, आणि स्तनाग्रांसाठी शुद्ध लॅनोलिनची छोटी ट्यूब. ते पाजण्याआधी पुसावं लागत नाही. हे सगळं साध्या, आतलं न दिसणाऱ्या पिशवीत भरून तिच्याच हातात द्या. चार माणसांसमोर उघडायला लावू नका. नातं दूरचं असेल तर बाटली आणि वायर पुरे.

दूध वाढवणारी चूर्णं, गोळ्या, काढे नेऊ नका. तिची औषधं काय चालली आहेत ते तुम्हाला माहीत नसतं, आणि आणलेली वस्तू 'तुझं दूध कमी पडतंय' असं सुचवते. बाटल्या, दुधाची पावडर, चोखणी यांचंही तेच: त्यांनी मागितली असेल तरच.

---

मंदआच

जेवणाबद्दल मी सविस्तर लिहिते. ही भेट सगळ्यात जास्त उपयोगाची आहे आणि सगळ्यात जास्त वायाही हीच जाते.

वाया का जाते? एकतर पहिल्या आठवड्यात सगळेच आणतात आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीच नाही. दुसरं, मोठं पातेलं भरून नेलं की ते लोक दोन दिवस तेच खातात, तिसऱ्या दिवशी टाकतात आणि वर पातेलं घासून परत करायची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर. म्हणून नेताना निम्मं आज खाण्यासारखं आणि निम्मं गोठवलेलं न्या. डबे एकेका माणसापुरते, ३०० ते ४०० मिली, परत न मागायचे. तीन-चार जण मिळून नेणार असाल तर तारखा आपसात वाटून घ्या. रोज नको, एक दिवसाआड न्या. मधल्या दिवशी उरलेलं संपतं.

आधी विचारायचं ते इतकंच: कशाची अ‍ॅलर्जी आहे का, काय खात नाही, फ्रीझरमध्ये किती डब्यांची जागा आहे. 'काय आणू?' असं मोघम विचारलं की उत्तर 'काही नको' असंच येतं.

शिजवताना. पदार्थ गॅसवरून उतरला की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. भात असेल तर तासाभरात, कारण भातात तग धरून राहिलेले जिवाणू खोलीच्या तापमानाला वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा तापवूनही जात नाही. खोल पातेल्यात मधला भाग तासन् तास कोमट राहतो. त्यामुळे पसरट भांड्यात पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थर करा, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा, मधूनमधून हलवा. वाफ जिरल्यावरच झाकण लावा. गरम असताना लावलंत तर झाकणाचं पाणी खाली पडून वर बर्फाचा थर येतो. पातळ पदार्थ गोठताना फुगतो म्हणून डब्यात दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा.

गोठवायला चांगलं: घट्ट सूप, शिजवलेली कडधान्यं, टोमॅटोचा किंवा कांद्याचा रस्सा, मांसाचे मऊ शिजवलेले तुकडे. नको: उकडलेल्या बटाट्याच्या फोडी (पाणी सुटून रवाळ, स्पंजासारख्या होतात), दूध-सायीचे रस्से (फाटतात), काकडीसारखं पाणीदार काहीही, उकडलेली अंडी (पांढरं रबरासारखं होतं). रस्सा किंचित पातळ ठेवा, तापवताना आटतो. मीठ हात राखून. फ्रिज चार अंशांच्या खाली असेल तर शिजवलेलं तीन-चार दिवस टिकतं, उणे अठराला दोन-तीन महिने चव चांगली राहते.

चिठ्ठी प्रत्येक डब्याच्या झाकणावर, बाजूला नाही, कारण डबे रचले की बाजू दिसत नाही. ती अशी असावी:

'भाज्यांचं घट्ट सूप. एका माणसाला. १४ तारखेला शिजवलं. रात्री फ्रीझरमधून फ्रिजमध्ये काढा. पातेल्यात उकळी फुटेपर्यंत तापवा. मीठ कमी आहे. दाणे, दूध नाही.'

रात्री तीन वाजता वडील डबा हातात घेऊन उभे असतात तेव्हा ही चिठ्ठी कामाला येते. मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं असेल तर मध्येच एकदा ढवळायला लिहा. कडा उकळतात आणि मधे गार राहतं. मध्यभागी ७४ अंश व्हायला हवं, घरच्या मोजमापात सगळीकडून वाफ आली पाहिजे.

एका हाताने, न सांडता, गार झालं तरी खाता येईल असं वेगळं न्या: सुकामेवा, घट्ट वळलेले रोल, आदल्या दिवशी उकडून सोललेली अंडी, कापलेली फळं. पाजणाऱ्या आईला रोज साधारण चारशे-पाचशे कॅलरी जास्त लागतात आणि भूक वेळी-अवेळी लागते. बाळ छातीशी असताना वाटीतला कढत रस्सा खाणं धोक्याचं आहे, कढत थेंब बाळावर पडतो.

आणखी एक, बाळाला मध चाटवायला म्हणून मधाची बाटली नेणारे असतात. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटभरसुद्धा नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात. आईने मध खाल्ला तर हरकत नाही.

---

सुईदोरा

कपड्यांचं माप. लेबलावरच्या महिन्यांवर विश्वास ठेवू नका, किलो आणि सेंटिमीटर बघा. एकाच '०–३ महिने'मध्ये दोन कंपन्यांत चार सेंटिमीटरचा फरक असतो.

बाळाचं वजन पहिल्या दिवसांत थोडं घटतं, दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येतं, आणि मग दिवसाला साधारण २५–३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला २०० ग्रॅमच्या आसपास वाढतं. तीन किलोचं बाळ त्या हिशेबाने अडीच ते तीन महिन्यांत पाच किलोला येतं, आणि 'न्यूबॉर्न' मापाचं बहुतेक सगळं पाच किलोच्या आसपास संपतं. आता त्या घरी न्यूबॉर्न मापाचे वीस कपडे आले तर अर्धे घडीही न मोडता लहान होतात. म्हणून सहा ते नऊ महिन्यांचं माप न्या, आणि घेताना पुढे महिने मोजा: बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा थंडी असेल की उकाडा? भर थंडीत जन्मलेल्या बाळाला नेलेला सहा महिन्यांच्या मापाचा लोकरी स्वेटर त्याला बसेल तेव्हा बाहेर ऊन असतं.

चांगलं अंगडं हातात घेऊन ओळखता येतं. गळा बघा: खांद्यावर कापडाच्या दोन पाळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात का? असतील तर गळा इतका ताणला जातो की डायपर पाठीवरून गळला तर कपडा डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली पायांकडे ओढून काढता येतो. शी तोंडावर, केसांत लागत नाही. ही सोय कळली नाही म्हणून तो कपडा डोक्यावरून ओढला जातो, तेव्हा देताना एकदा करून दाखवा. पुढून पूर्ण उघडणारी चेन असेल तर ती खालूनही उघडणारी, म्हणजे दोन तोंडांची घ्या. रात्री डायपर बदलताना छाती उघडी पडत नाही आणि बाळ गारठून जागं होत नाही. चेनीच्या वरच्या टोकाला कापडाचं टोपण हवं, हनुवटीला लागत नाही.

मोजे, हातमोजे घेतलेत तर उलटे करून आत बघा. नक्षी विणलेल्या मोज्यांत आतून धाग्यांचे लांब फेरे लोंबतात. त्यातला एक बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडतं. बाळ रडत राहतं आणि कारण सापडत नाही, कारण मोजा घातलेला असतो. आतून गुळगुळीत असलेलेच घ्या, सुटे धागे मुळाशी कापा. गळ्याला नाडी, टोपीची दोरी, सुटं बटण, चिकटवलेला मणी नको. आणि कपडा बिनवासाच्या साबणाने एकदा धुऊन न्या. परत करण्याची शक्यता राहावी असं वाटत असेल तर न धुता पावतीसकट द्या. दोन्ही चालतं, पण काय केलंय ते सांगा.

डायपरचे पुडे न्यायचे तर हाच किलोचा हिशेब. दिवसाला आठ ते बारा, म्हणजे आठवड्याला ७० च्या आसपास. बारा दिवसांच्या बाळासाठी आत्ताच्या मापाचा एक पुडा आणि पुढच्या मापाचा एक. आत्ताच्या मापाचे चार पुडे म्हणजे शेवटचा उरणार. कापडी लंगोटाचे संच विचारल्याशिवाय नको. ते वापरायचं की नाही हा त्या घराचा धुण्याचा प्रश्न आहे.

---

पाऊलवाट

खूप कामाचं लिहिलंत सगळ्यांनी. दोन शंका. डायपर गुंडाळून केकसारखा रचतात, रिबिन लावून, तसा करून नेऊ का? आणि चार वर्षांच्या थोरलीसाठी काय?

---

सुईदोरा

डायपरचा केक दिसायला छान, वापरायला वाईट. प्रत्येक डायपर पुड्यातून काढून रबर लावून गुंडाळलेला असतो, हात लागलेला, धूळ बसलेली, माप विसरलेलं. बदलूनही मिळत नाही. रबरं आणि टाचण्या घरभर पडतात. रिबिन बंद पुड्यालाच बांधा.

---

उंबरठा

थोरलीसाठी वेगळी, छोटी पिशवी. दारातून आत गेल्यावर आधी तिच्याशी बोला, बाळाकडे नंतर. बाळाची भेट तिला उघडू द्या. तिच्यासाठी वस्तू अशी निवडा जी ती आई पाजत असताना शेजारी बसून, एकटी, आवाज न करता वापरू शकेल: चिकटचित्रांची वही, जाड खडू, मोठ्या तुकड्यांचं कोडं, पुन्हा पुसता येणारी चित्रपाटी. मणी, छोटे ठोकळे, बटणसेलवर चालणारं काहीही नको. आज ती चारची आहे, पण सहा महिन्यांनी बाळ जमिनीवरची प्रत्येक गोष्ट तोंडात घालणार. बटणसेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. लोहचुंबकाच्या गोळ्यांचंही तसंच: दोन गिळल्या की आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकींना खेचून भोक पाडतात. घरगुती मोजमाप म्हणजे टॉयलेट पेपरची रिकामी नळी. जे त्यातून आरपार जातं ते तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घरात खेळणं म्हणून नेऊ नका.

'आता तू मोठी झालीस, बाळाला सांभाळ' हे वाक्य आणि तसं छापलेला शर्ट, दोन्ही टाळा. तिला वीस मिनिटं कुणीतरी फक्त तिच्याशी खेळणं ही त्या घरातली खरी टंचाई आहे. तारीख आणि वेळ सांगून तिला बागेत न्यायचं कबूल करा. 'कधीही सांगा' म्हटलं की कुणी सांगत नाही. 'शनिवारी दहा ते बारा नेते' म्हटलं की फक्त 'हो' म्हणायचं असतं.

---

कापूस

हाताने शिवलेली छोटी रजई आणि एक मऊ ससा करून ठेवलाय अशाच एका घरासाठी. वरचं वाचून आता द्यावा की नाही कळेना. एवढी मेहनत केलेली वस्तू चुकीची कशी?

---

उंबरठा

चुकीची नाही, फक्त झोपायच्या जागेत नको. पहिलं वर्षभर बाळ पाठीवर, टणक सपाट गादीवर, घट्ट बसणाऱ्या चादरीवर झोपवायचं आणि त्या जागेत उशी, रजई, लोड, मऊ खेळणं काहीच ठेवायचं नाही. तोंडावर आलं तर लहान बाळाला ते बाजूला सारता येत नाही. पाळण्याच्या कठड्याला आतून बांधायच्या गाद्यांचंही हेच.

तुमची रजई जमिनीवर अंथरायला द्या. पहिल्या आठवड्यांपासूनच बाळाला जागं असताना, कुणी समोर बसलेलं असताना पोटावर ठेवायचं असतं, दिवसातून दोन-तीनदा तीन ते पाच मिनिटं. त्याला ९० बाय ९० सेंटिमीटरची रजई अगदी बरोबर बसते. कापूस जागचा हलू नये म्हणून शिलाई हाताच्या चार बोटांएवढ्या अंतरावर असू द्या. एका बाजूला ठळक काळ्या-पांढऱ्या पट्ट्या लावल्यात तर बाळाला त्या खरंच दिसतील. नवजाताला २० ते ३० सेंटिमीटरवरचं आणि ठळक फरकाचंच नीट दिसतं, फिकट गुलाबी-निळं त्याला एकसारखं वाटतं. सशाचे डोळे बटणांचे असतील तर काढून दोऱ्याने भरा आणि 'वर्षानंतरचा' म्हणून द्या.

---

तिसरा_प्रहर

एनआयसीयूबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, ते लिहितो.

थांबू नका, आत्ताच जा. बाळ घरी येईपर्यंत थांबलेले सगळे त्या आईला असं सांगतात की तिचं बाळ अजून मोजलं गेलेलं नाही. अभिनंदन करा, बाळाचं नाव ठेवलं असेल तर नावाने बोला. पण 'घरी कधी येणार' विचारू नका. तारीख डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही आणि तो प्रश्न तिने त्या दिवशी दहादा ऐकलेला असतो. 'पहिला महिना, दुसरा महिना' अशी फोटोची कार्डंही आत्ता नकोत. ३१व्या आठवड्यातल्या बाळाची वाढ पुढे पूर्ण दिवसांच्या हिशेबाने, म्हणजे नऊ आठवडे वजा करून मोजतात. कार्ड आणि बाळ यांचा मेळ बसत नाही.

वॉर्डात न्यायच्या वस्तू नकोतच. फुलं, मऊ खेळणी, फुगे बहुतेक एनआयसीयूंत आत जाऊ देत नाहीत, आणि तुम्हालाही आत सोडतील असं धरून चालू नका. भेट आईवडिलांच्या जाण्या-येण्याला जोडून द्या.

आई दूध काढून नेत असणार. मशीनने काढत असेल तर चोवीस तासांत आठेक वेळा. तिला लागतं: गार राहणारी छोटी पिशवी आणि दोन बर्फाच्या पट्ट्या, पाण्यात न विरघळणारी चिकटलेबलं आणि पक्क्या शाईचं पेन (तारीख आणि वेळ प्रत्येक बाटलीवर लिहावी लागते), मशीन जागेवर धरून ठेवणारी ब्रा म्हणजे हात मोकळे राहतात. लेबलं घेताना एक ओली करून फ्रीझरमध्ये ठेवून बघा. कागदी लेबल दुसऱ्या दिवशी सुटून येतं आणि तारीख नसलेलं दूध वापरता येत नाही. साठवायच्या पिशव्या मात्र तुमच्या मनाने घेऊ नका. कसल्या बाटल्यांत दूध घ्यायचं हे वॉर्ड ठरवतो.

पुढून पूर्ण उघडणारे दोन मऊ सुती शर्ट, एक आईच्या आणि एक वडिलांच्या मापाचा. बाळाला उघड्या छातीशी धरून कांगारूसारखं ठेवतात, एका वेळी तासभर तरी, आणि डोक्यावरून घालायचा कपडा त्या वेळी अडचणीचा होतो. धातूची मोठी बटणं नकोत, नळ्या-वायरी अडकतात.

कोपरापर्यंत हात दिवसातून दहा-वीस वेळा धुऊन कातडी फाटते, त्यासाठी बिनवासाची जाड क्रीम. सुगंधी काही नको. बाळ आईच्या अंगाच्या वासाने ओळखतं. एक साधी वही: आजचं वजन, किती मिली दूध, डॉक्टर काय म्हणाले. रात्री हे आठवत नाही आणि सकाळी विचारलं जातं.

बाळासाठीच काही द्यायचं असेल तर दोन मऊ सुती चौकोनी रुमाल, साधारण २० सेंटिमीटरचे, धुतलेले. काही वॉर्डांत एक आईच्या अंगाशी आणि एक बाळाजवळ ठेवून रोज अदलाबदल करतात. परिचारिकेला विचारूनच. कपडे आत्ता घ्यायचेच असतील तर पुढून टिचबटणांनी पूर्ण उघडणारे, बाहीसुद्धा उघडणारी. डोक्यावरून घालायचे कपडे वायरी असताना घालता येत नाहीत.

आणि जेवण. मंदआच यांनी लिहिलंय तसंच, पण घरी नाही, हॉस्पिटलबाहेर बसून खाता येईल असं. गरम करावं न लागणारं, वास न पसरणारं, चमचा आत ठेवलेलं.

---

पाऊलवाट

पहिल्या घरी मी स्वतः किती वेळ थांबू? आणि बाळाला घ्यायला दिलं तर घ्यावं का?

---

उंबरठा

आदल्या दिवशी निरोप पाठवा, असा की उत्तर देणं सोपं जावं: 'उद्या साडेपाचला येते, अर्धा तास. बाळ झोपलं असेल तर डबे दारात ठेवून जाते.' सर्दी, खोकला, ताप, जुलाब यातलं काही असेल तर जाऊ नका, पूर्ण बरं होऊन जा. ओठावर पाणी भरलेला फोड असेल तर बाळाच्या जवळही जाऊ नका. तो विषाणू मोठ्यांना किरकोळ असतो, नवजाताला जिवावर बेततो. फोड नसला तरी बाळाचे मुके घेऊ नका. सिगारेट ओढत असाल तर कपडे बदलून जा. डांग्या खोकल्याची लस घ्यायची असेल तर भेटीच्या निदान दोन आठवडे आधी. आठवड्यावर आलेल्या भेटीसाठी ती उशिरा आहे, पण पुढच्यांसाठी आत्ता घ्या.

बाळ घ्यायची वेळ पाजून झाल्यावरची. पोट भरलेलं असतं, पुढचं पाजणं तास-सव्वा तासावर असतं. हात वीस सेकंद साबणाने धुऊन, अंगठी-बांगडी काढून, खुर्चीत ताठ बसून घ्या आणि आईला सांगा, 'तू झोप, मी जागी आहे, भूक लागली की आणून देते.' त्या दिवशी तिला सलग तासाभराची झोप मिळाली तर तुम्ही नेलेल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या वर ती गेली. पण सोफ्यावर रेलून घेऊ नका. तुम्हाला डुलकी लागली तर बाळ तुमच्या अंगात आणि पाठीच्या गादीत अडकतं. झोप यायला लागली की लगेच त्याच्या जागी पाठीवर ठेवा. बाळ गरम लागलं आणि थर्मामीटर ३८ अंश किंवा वर दाखवत असेल तर आईला उठवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे लगेच डॉक्टर.

आई झोपली नाही, बोलायचंच म्हणाली, तर ऐका. पहिले दोन आठवडे रडू येणं पुष्कळ जणींमध्ये दिसतं. दोन आठवड्यांनंतरही ते थांबत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, किंवा 'माझ्याविना बरं होईल' असं काही बोलली, तर तिच्या नवऱ्याला त्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांची वेळ घ्यायला मदत करा.

निघताना स्वयंपाकघरात जा. ओट्यावरची भांडी घासा, डायपरची पिशवी गाठ मारून खाली न्या. 'करू का' विचारू नका, त्यांच्या कपाटांत मात्र हात घालू नका. घासलेली भांडी ओट्यावरच पालथी ठेवा, म्हणजे नंतर शोधावी लागत नाहीत.